‘द्यायचं-घ्यायचं सांगा’: ऑनलाइन सौद्यांविषयीचे गैरसमज

गळीत हंगाम जवळ आला की बीड जिल्ह्यात बैलांच्या खरेदीला जोर येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांपैकी ज्या बैलगाडीने ऊस वाहतात, त्यांना धडधाकट जोडी लागते. ही खरेदी नेकनूर, हिरापूरसारख्या जनावरांच्या बाजारांत होत आली आहे आणि आजही होते, पण बरंचसं बोलणं आता आधी मोबाइलवर उरकतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा फेसबुकवर जोडीचा फोटो येतो, खाली ‘विकणे आहे, फोन करा’ एवढाच मजकूर असतो, आणि पहिला प्रश्न येतो, ‘द्यायचं-घ्यायचं सांगा.’ मालक सव्वा लाख म्हणतो, समोरून ‘सत्तरला देता का?’ येतं आणि तिथंच बोलणं खुंटतं. दुसरा ‘उद्या येतो’ म्हणतो आणि फिरकत नाही. तिसरा भाव ठरवून येतो आणि गोठ्यात उभा राहून आणखी दहा हजार तोडायला सांगतो. जुना ट्रॅक्टर, मोटारसायकल, पाण्याची मोटार, काहीही विकायला काढा, अनुभव हाच. विकणारा म्हणतो, लोकांना सगळं फुकटात पाहिजे. घेणारा म्हणतो, ऑनलाइनवर वाट्टेल तो भाव लावतात. त्रास दोघांचाही खरा आहे. त्याचं निदान मात्र चुकतंय, आणि निदान चुकल्यामुळे जो तो समोरच्या माणसाचा स्वभाव काढत बसतो.

पहिला गैरसमज असा की ही घासाघीस आपल्याकडची खोड आहे. शिकलेल्या, पुढारलेल्या देशांत ऑनलाइन म्हणजे एकच भाव. वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकेतल्या ईबे या संकेतस्थळावर खरेदीदाराला आपला भाव सुचवता येतो आणि विकणाऱ्याला त्यावर उलट भाव देता येतो. तिथल्या अडीच कोटींहून अधिक जाहिरातींवर झालेल्या वाटाघाटींचा अभ्यास बॅकस, ब्लेक, लार्सन आणि टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केला. त्यात साधारण एक तृतीयांश बोलणी लगेच जमली. उरलेली बहुतेक एकतर फिसकटली, नाहीतर बरंच मागेपुढे झाल्यावर जमली. एकाने थोडं सोडलं की दुसराही थोडं सोडतो, आणि दोन आकड्यांच्या बरोबर मधला आकडा लोकांना मान्य करावासा वाटतो, हेही त्यांना दिसलं. हे वाचताना आपल्या बाजारातलं ‘ना तुमचं, ना माझं’ आठवल्याशिवाय राहत नाही. म्हणजे भाव करणं हा माणसांचा सर्वत्र चालत आलेला व्यवहार आहे, आणि त्यातली बरीच बोलणी फिसकटतात हेही सर्वत्रच आहे.

मग जनावरांच्या बाजारात जे निभतं ते मोबाइलवर इतकं का टोचतं? याचं उत्तर बाजारात आकडा कधी उच्चारला जातो, यात आहे. तिथं गिऱ्हाईक आधी बैलाभोवती फिरतं. जबडा उघडून दात पाहतं: दोन दाती आहे, चार दाती, सहा दाती की जुळलेला. पाठीवरून, खांद्यावरून हात फिरवतं, जूं घासून खांदा सुजलाय का बघतं, खूर उचलायला लावतं, चार पावलं चालवून घेतं. सोबत आलेला जाणता माणूस दोन प्रश्न विचारतो. दलाल दोन्हीकडच्यांना ओळखत असतो. आज खोटं बोलला तर पुढच्या बाजारात त्याला तोंड दाखवायचं असतं. शेजारच्या दावणीला बांधलेली जोडी कितीला गेली, हे कानावर आलेलं असतं. एवढं सगळं झाल्यावर भाव निघतो आणि जमला की हातावर इसार ठेवला जातो. मोबाइलवर या साऱ्यातलं एकच उरतं, आकडा. माल पाहिलेला नाही, माणूस ओळखीचा नाही, शेजारचा भाव माहीत नाही आणि माघार घेतली तर काही जात नाही. अशा ठिकाणी घेणारा आकडा खाली ओढणारच, कारण न पाहिलेल्या खोडीचीही किंमत त्याला वजा करावी लागते. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात हेच दाखवलं: खरा माल कोणता हे घेणाऱ्याला कळत नसेल तर तो सगळ्याच मालाला कमी भाव देतो, मग चांगल्या मालाचा मालक बाजारातून उठून जातो आणि मागे वाईट माल जास्त उरतो. या विषयावरच्या कामासाठी त्यांना २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

‘शेवटचं किती ते आधीच विचारलं की वेळ वाचतो’ हा दुसरा गैरसमज, आणि सगळ्यांत जास्त बोलणी यानेच बिघडतात. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. चाळीस किलोमीटर गाडी काढून जायची तर आधी अंदाज हवा, हे त्याचं म्हणणं रास्त आहे. पण मालकाने खरंच शेवटचा आकडा सांगितला तरी समोरचा आल्यावर ‘थोडंतरी सोडा’ म्हणणारच, हे मालकाला ठाऊक असतं. म्हणून तो ‘शेवटचं’ म्हणतानाही वर दहा-पंधरा हजार ठेवतो. घेणाऱ्यालाही हे माहीत असतं, म्हणून तो तेवढे धरूनच खाली मागतो. इथं कुणी लबाड नाही. आपला खरा आकडा आधी उघड करणाऱ्याचं नुकसान होईल अशीच ही मांडणी आहे. रॉजर मायर्सन आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी १९८३ साली गणिताने सिद्ध केलं की दोघांनाही एकमेकांची खरी किंमत ठाऊक नसेल आणि बाहेरून कुणी पदरचे पैसे घालणार नसेल, तर दोघांच्याही फायद्याचा प्रत्येक सौदा हमखास जमवून देणारी कोणतीही पद्धत असू शकत नाही. काही चांगले सौदे तुटणारच. ईबेवरच्या दुसऱ्या एका अभ्यासातून आणखी एक उपयोगाची गोष्ट निघाली. शंभरच्या पटीत गोल भाव लावलेल्या वस्तूंना, जवळच्याच अ-गोल आकड्याच्या मानाने, ५ ते ८ टक्के कमी भावाचं मागणं आलं, पण ते ६ ते ११ दिवस आधी आलं. गोल आकडा म्हणजे ‘मला विकायची घाई आहे’ अशी खूण झाली. तेव्हा ‘एक लाख’ लिहिणाऱ्याने आपण काय सांगतोय ते जाणून लिहावं.

कमी मागणं म्हणजे अपमान आणि जास्त सांगणं म्हणजे हाव, हा समज तर नाती बिघडवतो. भाव नुसत्या जोडीचा नसतो, त्या दिवशी दोघांपुढे असलेल्या पर्यायांचाही असतो. टोळी निघायला आठ दिवस उरलेत, मुकादमाकडून उचल घेतलेली आहे आणि गाडीला जोडी नाही, अशा माणसाला थांबणं परवडत नाही. तीच जोडी हंगाम संपवून परत आली की चित्र उलटतं: उन्हाळा तोंडावर, कडबा महाग, पाणी आटलेलं, आणि विकायला काढणारे पुष्कळ. दिवाळीआधी जोडी घेतलेला माणूस उन्हाळ्यात खरेदीचाच आकडा धरून बसला तर त्याला येणारं प्रत्येक मागणं अपमानासारखं वाटेल. समोरचा फक्त ऋतूचा भाव सांगत असतो. वर सांगितलेल्या ईबेच्या पहिल्या अभ्यासातही ज्याच्यापुढे दुसरे पर्याय चांगले होते त्यालाच सौदा अधिक लाभला.

यावर सरळ उपाय सुचवला जातो की सगळ्यांनी एकच भाव लावावा, घासाघीस बंदच करावी. एकसारख्या मालाला हे उत्तम लागू पडतं. बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल भाव केंद्र सरकार ठरवतं, २०२५ च्या हंगामासाठी तो ९०१ रुपये होता. गेवराईतलं पाकीट आणि माजलगावातलं पाकीट यांत फरक नाही, म्हणून भाव करण्यासारखं फारसं उरत नाही. छापील किमतीबाबतही एक समज काढून टाकायला हवा. ती कमाल किंमत असते, तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला मात्र कुठलीच मनाई नाही. पण दोन बैल, किंवा आठ वर्षं चाललेले दोन ट्रॅक्टर, कधीच सारखे नसतात. तिथं पक्का भाव लावायचा म्हणजे तो वस्तू पाहण्याआधीच कुणीतरी ठरवायचा, आणि चुकला तर वस्तू पडून राहायची.

कायद्याबाबत दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. काहींना वाटतं, जाहिरातीत भाव लिहिला की मालक त्याला बांधला गेला. तसं नाही. जाहिरात हे सर्वसाधारणपणे बोलणी करायचं आमंत्रण असतं. मालकाने ‘एक लाख दहाला देतो’ म्हटलं आणि तुम्ही ‘लाखाला द्या’ म्हणालात, तर १८७२ च्या करार कायद्यानुसार तो होकार ठरत नाही, नवा प्रस्ताव ठरतो आणि मालकाचा आधीचा संपतो. दुसऱ्या दिवशी ‘काल एक दहा म्हणाला होतात’ हा दावा मग टिकत नाही. उलट काहींना वाटतं, तोंडी बोलण्याला कायद्यात अर्थच नाही. तेही चूक. ठरलेला तोंडी सौदासुद्धा करार असतो, अडचण पुराव्याची येते. तिसरा समज ‘फसलो तर ग्राहक मंचात जाऊ’ हा. ऑनलाइन व्यापाराचे २३ जुलै २०२० चे नियम, जो माणूस धंदा म्हणून नियमित विकत नाही, स्वतःची वस्तू वैयक्तिकरीत्या विकतो, त्याला लागू होत नाहीत. नेहमी खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. खासगी सौद्यात वस्तू पारखून घेण्याची जबाबदारी १९३० च्या मालविक्री कायद्याने मुख्यतः घेणाऱ्यावर टाकली आहे. इथं एक गोष्ट मात्र हातात आहे. मालक गप्प राहिला तर ती सहसा फसवणूक ठरत नाही, पण विचारल्यावर जाणूनबुजून खोटं सांगितलं तर ठरते. म्हणून ‘मारका आहे का? गाडीला चालतो का? आधी काही आजार होता का?’ हे प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घेणं हे भाव पाडण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे.

यावर कुणी म्हणेल, मग बाजारच बरा होता. पण जुना बाजार सरळ होता असं मानणं हा आणखी एक गैरसमज. उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून भाव करण्याची पद्धत जनावरांच्या बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. ती व्यापाऱ्या-दलालांना कळायची, शेतकऱ्याला नाही. असा अपारदर्शक व्यवहार मोडण्यासाठीच नियंत्रित बाजार उभे राहिले. बीड निजामाच्या राज्यात असताना तिथं १९३० मध्ये कृषी बाजारांचा कायदा झाला, पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला आणि शेतमालाचा लिलाव उघड झाला. शिवाय बाजार बंदही पडतो. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पीमुळे राज्यातले गुरांचे बाजार थांबले होते. मोबाइलने आष्टीच्या मालकाला परळीचं गिऱ्हाईक दाखवलं, ही लहान गोष्ट नाही. एका दलालावर विसंबलेल्या माणसाला त्याने दुसरा पर्याय दिला.

तेव्हा मोबाइल टाकून द्यायचा नाही, त्यावरून गळालेल्या गोष्टी परत आणायच्या आहेत. जोडीच्या जाहिरातीत भावाआधी दात, जात, कोणत्या कामाला चालते, खोड असेल तर खोड, आणि कानातल्या टॅगचा बारा अंकी क्रमांक यावा. दातांचा फोटो आणि चालतानाचा छोटा व्हिडिओ असावा. ट्रॅक्टर किंवा गाडी असेल, एमएच २३ असो की अंबाजोगाईची एमएच ४४, तर बँकेचा बोजा उतरलाय का हे परिवहन विभागाच्या अॅपवर पाहता येतं. एवढं समोर असेल तर ‘सत्तरला देता का’ म्हणणारेही कमी होतील, कारण अंदाजाने खाली ओढण्याची गरज उरणार नाही. इसार मात्र वस्तू डोळ्यांनी पाहिल्यावर, रक्कम, तारीख आणि माघार घेतली तर काय, हे लिहिलेल्या चिठ्ठीवरच द्यावा. न पाहता ‘इसार पाठवा, जोडी धरून ठेवतो’ म्हणणाऱ्यांत ठग असतात. आणि विकणाऱ्याने लक्षात ठेवावं की पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. टाकायला सांगणारा पैसे काढून घेतोय. असं घडलं तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा.

राहिला शेजारच्या दावणीचा भाव. सोयाबीन-कापसाचा कालचा भाव आज पणन मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतो. बैलांचा भाव दात, जात आणि कामानुसार तसा सहज हाती येत नाही. जनावरांच्या बाजारात सौद्याच्या पावत्या बाजार समितीच फाडते. मालकाचं नाव वगळून त्या पावत्यांवरचे आकडे, दातांची नोंद जोडून, समित्यांनी दर आठवड्याला ग्रुपवर टाकले तर पाटोद्याच्या गोठ्यात बसलेल्या माणसाला आपली चार दाती जोडी साधारण कितीची हे कळेल. हे काम बीड जिल्ह्यातल्या समित्यांनी येत्या गळीत हंगामाआधी सुरू करावं.