गिटारच्या मानेचा सांधा
गिटारची मान पेटीला जिथे जोडलेली असते, तो सांधा पोलादी तारांचा सुमारे ७० किलोग्रॅम ताण सतत सोसतो. स्वस्त वाद्यांत तो पुष्कळदा केवळ गोंदावर टिकून असतो. नवी मुंबईसारख्या दमट हवेत तो सैल होऊ शकतो; मग मान पुढे झुकते व तारा पडद्यांपासून उंच जातात. मिरजेच्या तंबोऱ्यातही दांडी व भोपळा यांचा जोड असाच नाजूक असतो.

दुरुस्तीपूर्वी तारा उतरवून जुना गोंद खरवडावा, कारण वाळलेल्या थरावर नवा गोंद नीट धरत नाही. सांधा प्रथम कोरडाच जुळवावा; पडद्यांवर ठेवलेली सरळ पट्टी घोडीच्या माथ्याला टेकली पाहिजे. नंतर गोंद लावून, क्लॅम्पने आवळून २४ तास ठेवावे. इपॉक्सीचा जोड भक्कम असला तरी पुढे उकलणे कठीण. सरस मात्र उष्णता व ओल देऊन सोडवता येतो. अल्पमोली गिटारला आतून बोल्ट घालणे ओबडधोबड दिसले, तरी गैर नाही.