नक्कल काढण्याची नवी रीत

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार हा संत्रा-बागांचा तालुका. येथील बागाईतदारास पीककर्जासाठी सातबारा लागतो. पूर्वी त्याची नक्कल तलाठी हाताने लिहून देत. राज्यात डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचे वितरण १ मे २०१८ रोजी सुरू झाले आणि ही प्रतीक्षा पुष्कळशी सरली.

परंतु असे लक्षावधी अभिलेख ज्या माहितीसंचयात असतात, त्या संचयाचीही कधी कधी नक्कल काढावी लागते. प्रणालीची नवी आवृत्ती बसविताना मूळ संचय बंद ठेवावा लागतो आणि नक्कल रेंगाळली की तितका काळ खिडकीपुढील माणूस ताटकळतो.

ही नक्कल का रेंगाळते, हे पोस्टग्रेस या मुक्त माहितीसंचय-प्रणालीच्या उदाहरणावरून समजेल. तिच्या जुन्या रीतीत ६४ किलोबाइटचा तुकडा तबकडीवरून वाचून आज्ञावलीच्या स्मृतीत आणला जातो आणि तेथून पुन्हा तबकडीवर लिहिला जातो. एक गिगाबाइटच्या फाइलसाठी अशा १६,३८४ फेऱ्या होतात. कारकुनाने दप्तरखान्यातून एकेक पान आपल्या मेजावर आणून उतरवावे, तसाच हा प्रकार!

नव्या रीतीत हे काम संगणकाच्या कार्यप्रणालीवरच सोपविले जाते. लिनक्समध्ये त्यासाठीची सोय २०१६ साली आली. एक्सएफएस किंवा बीटीआरएफएससारखी फाइलव्यवस्था असेल, तर मजकूर हलतच नाही. केवळ नवी अनुक्रमणिका तयार होते आणि ती जुन्याच पानांकडे बोट दाखविते. पुढे एखादे पान बदलले, तर तेवढेच वेगळे लिहिले जाते. त्यामुळे तासांचे काम क्षणांवर येते. लिनक्सच्या ईएक्सटी४ व्यवस्थेत मात्र पाने अशी सामायिक ठेवता येत नाहीत; तेथे मेजावरची ने-आण वाचते, मजकूर उतरवावाच लागतो. पोस्टग्रेसच्या २०२५ मधील अठराव्या आवृत्तीत नव्या माहितीसंचयासाठी ही रीत निवडता येते. लिनक्स, फ्रीबीएसडी व मॅकओएसवर ती चालते. विंडोजवर जुनीच रीत राहते.

एक गोष्ट मात्र कार्यालयांनी विसरू नये. अशा नकलेची पाने मुळाशी सामायिक असतात. तबकडी बिघडली तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून वेगळ्या तबकडीवर, शक्य तर वेगळ्या इमारतीत, संपूर्ण नक्कल ठेवावी लागते. तेथे प्रत्येक पान प्रत्यक्ष उतरवावेच लागते.