वीज आणि यंत्रे (भाग ७) : डब्यावरचे १०५ अंश

मे महिन्यात बडोद्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. मकरपुरा जीआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचे पॅनेल उघडले, की तव्यासारखी धग तोंडावर येते. आत सहज ५५-६० अंश असतात. गेल्या आठवड्यात आपण रेक्टिफायर पाहिला. त्यातून निघणाऱ्या डीसीतले चढउतार सपाट करतो तो अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आणि या उकाड्यात बहुधा पहिला बळीही तोच.

या कपॅसिटरचा जुना डबा कापून पाहा. अॅल्युमिनियमच्या दोन फॉइल, मधे इलेक्ट्रोलाइटने भिजलेला कागद; सुरळीच्या वडीसारखी घट्ट गुंडाळी. एका फॉइलवर ऑक्साइडचा थर असतो, दर व्होल्टला जेमतेम १.४ नॅनोमीटर. वीज अडवतो तो हा थर. ओला कागद वीज अडवत नाही, त्यातला द्रव हीच खरी दुसरी प्लेट. म्हणून द्रव सुकला की प्लेटच नाहीशी होऊ लागते. अंतर्गत रोध वाढतो, चढउतारांच्या म्हणजे रिपल करंटने डबा आणखी तापतो आणि उरलेला द्रव अधिक वेगाने उडतो. शेवटी माथा फुगतो, व्हेंट फाटतो.

डब्यावर १०५ अंश लिहिलेले असते, म्हणून ६० अंशांच्या पॅनेलमध्ये निर्धास्त राहणारे पुष्कळ भेटतात. पण त्या आकड्याला तासांची जोड असते. १०५ अंशांना २००० तास आयुष्य असेल, तर तापमान दर १० अंशांनी उतरले की ते साधारण दुप्पट होते. पॅनेलमध्ये ६० आणि रिपलने १५ वाढले, तर ७५ अंशांना १६,००० तास. तीन पाळ्यांत दोन वर्षेही नाहीत! तोच डबा ५००० तासांचा घेतला, तर ४०,००० तास, म्हणजे साडेचार वर्षे. मायक्रोफॅरड आणि व्होल्ट दोन्हींचे सारखेच. खरेदीच्या कागदावर तास लिहायचे राहतात, तिथेच नुकसान होते.

कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या सुट्या ड्राइव्हची गोष्ट वेगळी. व्होल्टेज नसताना ऑक्साइडचा थर हळूहळू झिजतो. असा ड्राइव्ह एकदम ४१५ व्होल्टला जोडला, तर रेक्टिफायरपुढच्या डीसी बसवर सुमारे ५८७ व्होल्ट येतात आणि कपॅसिटर तिथेच फुटू शकतो. निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवले, की थर पुन्हा तयार होतो. याला रिफॉर्मिंग म्हणतात.

१८९० साली तंत्रशिक्षण देणारे कलाभवन उभे राहिलेल्या या शहरात डबे बदलणारे हात भरपूर आहेत. बदलल्याची तारीख लिहिणारे मात्र थोडे, याची खंत वाटते. फेब्रुवारीतच पंखे आणि फिल्टर साफ करा, फुगलेले माथे शोधा, तारखा लिहा. आणि वीज बंद केल्यावर पुस्तिकेत सांगितली तेवढी मिनिटे थांबून, डीसी बस मीटरने मोजल्याशिवाय आत हात घालू नका.