लब-डब ऐकायला डॉक्टर शाळेत!

"उद्या डॉक्टर येणार आहेत. सगळ्यांनी नखं कापून यायचं!" बाईंनी असं सांगितलं रे सांगितलं, की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, "बाई, सुई टोचणार?"

तर दोस्तांनो, आधी याचंच उत्तर देऊन टाकते. नाही! या तपासणीत इंजेक्शन नसतं. १० आणि १६ वर्षांच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची लस देतात खरी, पण तो कार्यक्रम वेगळा. तेव्हा पोटातला गोळा घरीच ठेवून या.

सरकारी आणि अनुदानित शाळांत जी गाडी येते, ती बहुतेक वेळा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असते. साऱ्या देशासाठीचा हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमध्ये सुरू झाला. पथकात डॉक्टर असतात, नर्सताई असतात आणि औषधं सांभाळणारे फार्मासिस्टही. अंगणवाडीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना ते वर्षातून दोनदा तपासतात, शाळेतल्या मुलांना एकदा. सगळं फुकट.

सुरुवात उंची-वजनानं होते. बूट काढायचे, टाचा भिंतीला टेकवायच्या, नजर सरळ समोर. आता एक गंमत सांगू? सकाळी उठल्या उठल्या तुमची उंची जेवढी असते, तेवढी संध्याकाळी नसते! साधारण एक सेंटिमीटर कमी भरते. आपल्या पाठीच्या मणक्यांमध्ये पाणीदार, मऊ चकत्या असतात. दिवसभर आपण उभे राहतो, पळतो, दप्तर वाहतो, तेव्हा ओला स्पंज दाबावा तशा त्या दबतात. रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. अंतराळात तर वजनाचा दाबच पडत नाही, म्हणून तिथे अंतराळवीरांची उंची काही सेंटिमीटरनं वाढते. पृथ्वीवर परतले की होती तेवढीच.

मग डॉक्टर खालची पापणी हलकेच ओढून बघतात. का बरं? गोरं असो की सावळं, कातडीच्या रंगावरून रक्ताचा अंदाज नीट येत नाही. पापणीच्या आतलं आवरण मात्र पातळ आणि पारदर्शक असतं, खालच्या रक्तवाहिन्या त्यातून दिसतात. तो भाग गुलाबी-लाल असला तर छान. फिका पडला असेल, तर रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल अशी शंका येते. हिमोग्लोबिन बनवायला लोह लागतं. शाळेत आठवड्यातून एकदा जी गोळी मिळते, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, ती त्यासाठीच. ही गोळी काही खाऊन मगच घ्या. आणि दुसऱ्या दिवशी शी काळी झाली तर घाबरू नका. पोटात न शोषलेलं लोह बाहेर पडतं, एवढंच.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, छातीवरची ती गार गार चकती. १८१६ पर्यंत स्टेथोस्कोप नावाची वस्तूच जगात नव्हती. डॉक्टर रोग्याच्या छातीला चक्क कान लावायचे. पॅरिसमध्ये रेने लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका तरुणीला तपासताना असा कान लावणं प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवलं आणि दुसऱ्याला कान लावला. आवाज आधीपेक्षाही स्पष्ट! पुढे त्यांनी लाकडाची नळी बनवली.

त्यातून ऐकू येतं लब-डब, लब-डब. हा आवाज हृदयातल्या झडपा मिटण्याचा. 'लब' होतं तेव्हा हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटतात. 'डब' होतं तेव्हा मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या. मध्येच कधी 'फुस्स' असा आवाज आला तर डॉक्टर पुन्हा कान देऊन ऐकतात. मुलांमध्ये तो पुष्कळदा अगदी निरुपद्रवी असतो, पण क्वचित हृदयाला छिद्र असू शकतं, म्हणून खात्री करून घेतात. तुम्हीही एक करून बघा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधा. सावकाश खोल श्वास घ्या, सावकाश सोडा. श्वास घेताना नाडी जरा भरभर पडते, सोडताना रेंगाळते. मुलांमध्ये हे छान जाणवतं.

शेवटी डोळे. ६ मीटर अंतरावर तक्ता, एका डोळ्यावर तळहात. डोळा दाबायचा नाही हं, नाहीतर उघडल्यावर थोडा वेळ अंधुकच दिसतं. असा तक्ता १८६२ मध्ये नेदरलँड्सच्या हर्मन स्नेलेन यांनी तयार केला. ६/१८ लिहिलं, तर त्याचा अर्थ असा की निरोगी डोळ्याला जी ओळ १८ मीटरवरून वाचता येते, ती वाचायला तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं.

आणि इथे कृपा करून हुशारी करू नका. पुढच्या मुलाचं ऐकून अक्षरं पाठ करायची नाहीत, डोळे बारीक करायचे नाहीत. पापण्या मिटत आणल्या की इकडून तिकडून येणारे किरण अडतात आणि अक्षर स्पष्ट दिसतं. चष्मा लावणाऱ्यांनो, चष्मा काढून पुठ्ठ्याला टाचणीनं पाडलेल्या भोकातून पाहा, हेच होईल! पण तपासणीत असं केलंत तर दोष लपून राहतो. ज्याला पहिल्यापासून फळा धूसर दिसतो, त्याला वाटतं सगळ्यांना तसाच दिसतो. डॉक्टरांनी विचारल्याशिवाय ते कुणाला कळणार?

म्हणून डोकं दुखतं, पळताना धाप लागते, अंगावर सुन्न चट्टा आहे, दात ठणकतो, बाईंचं बोलणं एका कानानं नीट ऐकू येत नाही, जे असेल ते सांगून टाका. सगळ्यांसमोर लाज वाटत असेल तर "मला एकट्याला बोलायचंय" म्हणा.

काहींच्या हातात पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी पडेल. ती शिक्षा नाही आणि आजारी असल्याचा शिक्काही नाही. पुढची तपासणी सरकारी रुग्णालयात होते. गरज पडली तर चष्मा मिळतो, हृदयाचं ऑपरेशनसुद्धा होतं, तेही मोफत. पण चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडली तर यातलं काहीच होणार नाही. ती त्याच संध्याकाळी आई-बाबांच्या हातात द्या, आणि कधी जायचं ते विचारत राहा.