आधीचं सिझर, आता नॉर्मल? तयारी जुन्या कागदांपासून

पहिलं बाळ सिझरने झालं. आता पुन्हा दिवस गेलेत आणि मनात एकच प्रश्न आहे: या वेळी नॉर्मल होईल का? घरात विचारलंत तर दोन ठाम उत्तरं मिळतील. एक, 'एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच.' दुसरं, 'रोज चाल, उकिडवी बसून फरशी पूस, होतंय सगळं नीट.' पहिलं उत्तर जुनं झालंय. दुसरं प्रेमापोटी दिलेलं आहे, पण त्यात मुद्द्याची गोष्टच राहून जाते.

'एकदा सिझर, कायम सिझर' हे म्हणणं न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांचं, 1916 सालचं. गंमत म्हणजे त्यांचा रोख पहिलं सिझर उगाच करू नका, असं डॉक्टरांना सांगण्यावर होता. शिवाय त्या काळात गर्भाशयावर वरच्या जाड भागात उभा छेद घेत. तो पुढच्या कळांमध्ये उसवण्याची भीती खरीच मोठी असते. नंतर गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रुळली आणि चित्र पालटलं. आज बहुतेक सिझर याच पद्धतीने होतात. म्हणून आज डॉक्टर आधीच्या सिझरनंतरही अनेक जणींना कळा येऊ देऊन नॉर्मलचा प्रयत्न करू देतात. याला बोलताना 'व्हीबॅक' म्हणतात.

म्हणजे सगळं अवलंबून आहे ते आतल्या छेदावर. आणि तो बाहेरून दिसत नाही. पोटावरची खूण आडवी आहे म्हणजे गर्भाशयावरचीही आडवीच, असं धरून चालू नका. कातडीवर आडवा आणि आत उभा छेद, असंही होतं, विशेषतः बाळ खूप आधी काढावं लागलं असेल किंवा आडवं असेल तर. खात्री एकाच ठिकाणी होते: ऑपरेशनच्या नोंदीत. त्यात 'एलएससीएस' लिहिलेलं असेल तर छेद खालच्या भागात आहे. तो वाढवावा लागला होता का, आणि सिझर मुळात कशासाठी केलं, हेही तिथेच सापडतं.

कागद शोधा, आजच

इंडियन मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी 3 वर्षं जपायच्या असतात आणि पेशंटने मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या असतात. आता हिशेब करा. पहिलं मूल साडेतीन-चार वर्षांचं असेल, तर हॉस्पिटलने ते कागद ठेवलेच असतील असं नाही. दोन बाळंतपणांत एवढं अंतर तर कितीतरी घरांत असतं. त्यामुळे नववा महिना लागेपर्यंत थांबू नका. डिस्चार्ज कार्ड मिळालं तरी ऑपरेशनची सविस्तर नोंद वेगळी मागा. कार्डावर बऱ्याचदा एक ओळच असते.

आपल्या मराठी घरांत यात आणखी एक गुंता आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सिझर झालं साताऱ्यात किंवा नांदेडला, आणि आता तुम्ही राहता चेन्नईत. किंवा उलट: इथे नुंगंबाक्कमच्या डॉक्टरांनी सात महिने तपासलं आणि आठव्यात तुम्ही आईकडे निघालात. दोन्हीकडे शेवटच्या टप्प्यावर एक नवे डॉक्टर तुम्हाला पहिल्यांदा बघतात, आणि हातात जुनी नोंद नसेल तर सावधपणे सिझरच सुचवतात. त्यांचंही चुकत नाही. माहेरी जायचंच असेल तर सहाव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांना एकदा भेटून या, फाइल दाखवा आणि 'तुमच्याकडे ट्रायल देता का?' असं स्पष्ट विचारा. काही ठिकाणी देतच नाहीत. हे आठव्या महिन्यात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आकडे कसे वाचायचे

प्रयत्न करणाऱ्या 100 जणींपैकी साधारण 70 ते 75 जणींचं नॉर्मल होतं. आधी कधी एकदा नॉर्मल झालं असेल, मग ते सिझरच्या आधी असो वा नंतर, तर 85 च्या वर. पहिलं सिझर बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल, तर तीच अडचण पुन्हा येईलच असं नाही. पण तोंड पुरतं उघडूनही बाळ खाली सरकलंच नाही म्हणून झालं असेल, तर शक्यता काहीशी कमी होते. वजन जास्त असणं, वय वाढलेलं असणं, बाळ 4 किलोच्या पुढे असणं, यानेही फरक पडतो. मागच्या बाळंतपणानंतर दीड वर्षाच्या आत पुन्हा प्रसूती होणार असेल तर डॉक्टर जास्त जपून असतात, कारण टाका भरायला वेळ लागतो.

टाका उसवण्याचा धोका, खालच्या भागातला एकच आडवा छेद असेल तर, साधारण 200 जणींत एकीला. आकडा लहान आहे. पण जिच्या बाबतीत ते घडतं तिच्याकडे आणि तिच्या बाळाकडे तास नसतात, मिनिटं असतात. गर्भाशयावर आधी उभा छेद असेल किंवा टाका एकदा उसवला असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करायचाच नाही. यात वाद नाही.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. पुन्हा सिझर केलं तर टाका उसवण्याची भीती जवळजवळ जाते, पण ते मोठं ऑपरेशनच आहे, आणि दर सिझरगणिक पुढच्या गरोदरपणात वार जुन्या टाक्यावर घट्ट चिकटून बसण्याचा धोका वाढत जातो. तिसरं मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना आत्ताच सांगा.

तामिळनाडूत हा प्रश्न घरोघरी का आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतं. 2019-21 च्या फेरीत राज्यातल्या 44.9 टक्के प्रसूती सिझरने झालेल्या आढळल्या. खासगी दवाखान्यांत 63.8 टक्के. महाराष्ट्रात एकूण प्रमाण होतं 25.4 टक्के. यातली काही सिझर मुहूर्त बघून होतात, हे तामिळ घरांत जसं आहे तसंच आपल्याही. असो. तामिळमध्ये नॉर्मल डिलिव्हरीला 'सुगप्रसवम्' म्हणतात, म्हणजे सुखप्रसव. त्यात सुख किती, ते बाळंतिणीलाच विचारा!

रात्री दोन वाजता कोण असतं?

हॉस्पिटल निवडताना खोलीला एसी आहे का, यापेक्षा हा प्रश्न मोठा. कळा रात्री, रविवारी, दिवाळीतही येतात. त्या वेळी भूलतज्ज्ञ हॉस्पिटलमध्येच असतात की फोन करून बोलवावे लागतात? ऑपरेशन थिएटर किती मिनिटांत तयार होतं? रक्त जागेवर मिळतं का? बाळाचे ठोके कळा चालू असताना सतत मशीनवर बघता येतात का? उत्तर 'बघू, मॅनेज करू' असं आलं, तर ते हॉस्पिटल इतर बाळंतपणांना कितीही छान असलं तरी या कामासाठी नाही. घरी प्रसूतीचा विचार तर अजिबात नको.

चकचकीतपणा आणि तयारी यांचा संबंध नसतो. नुंगंबाक्कमहून लोकलने दोन स्टेशनांवर एग्मोर आहे. तिथलं सरकारी प्रसूती रुग्णालय 1844 पासून आहे आणि मद्रास मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. अशा शिकवणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत गर्दी असते, पण रात्री डॉक्टर जागेवर असतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे 2011 पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूती मोफत आहे, सिझरसुद्धा.

चेन्नईकरांसाठी एक जादा सूचना. तारीख नोव्हेंबर-डिसेंबरची असेल तर पावसाचा विचार करा. 2015 आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये शहरात पाणी कसं तुंबलं होतं ते आठवतंय ना? पाऊस मोठा येणार असं जाहीर झालं की डॉक्टरांना फोन करा, आणि जमलं तर हॉस्पिटलजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवा.

आता चालणं, योगासनं. करा, जरूर करा, डॉक्टरांना विचारून. साखर आणि वजन ताब्यात ठेवा, हिमोग्लोबिन वाढवा. त्याने अंगात ताकद राहते. पण कितीही फरशी पुसली तरी आतला टाका त्याने मजबूत होत नाही. आणि तारीख उलटली म्हणून कुणी एरंडेल किंवा कळा आणणारा काढा पुढे केला तर हात जोडून नाही म्हणा. जुन्या टाक्याच्या गर्भाशयाला अचानक जोरदार कळा आणणं हेच टाळायचं असतं. म्हणूनच कळा सुरू करायला एरवी वापरतात ती मिझोप्रोस्टॉलची गोळी अशा वेळी देत नाहीत. कळा आपोआप आल्या तर यशाची शक्यता जास्त. औषधाने आणाव्या लागल्या तर टाका उसवण्याचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. त्यामुळे 'तारीख उलटली तर काय करायचं' हे आधीच ठरवून ठेवा: अजून थांबायचं, फुग्याने तोंड उघडायचा प्रयत्न करायचा, की सिझर.

कळा सुरू झाल्या की घरी रेंगाळू नका. पहिलटकरणीला देतात तो 'कळा दाट होईपर्यंत थांब' हा सल्ला तुम्हाला लागू नाही. लेबर रूममध्ये दोन कळांच्या मध्येही पोट दुखत राहिलं, जुन्या टाक्याशी एकदम कळ आली, रक्त गेलं किंवा चांगल्या चाललेल्या कळा अचानक थांबल्या तर लगेच सांगा. चेन्नईत सिस्टर बहुधा तामिळच बोलतील. 'वलि' म्हणजे दुखणं, 'रत्तम्' म्हणजे रक्त, आणि 'निक्काम वलिक्कुदु' म्हणजे न थांबता दुखतंय. एवढं सोबत येणाऱ्या आईला किंवा सासूबाईंनाही शिकवून ठेवा. वेदना सोसायलाच हव्यात असंही नाही. एपिड्युरल घेता येतं.

नवऱ्याशी एक बोलणं मात्र आधीच व्हायला हवं. अर्ध्या वाटेवर डॉक्टर 'आता सिझर' म्हणाले तर काय? 100 पैकी 25-30 जणींच्या बाबतीत ते होतं. त्या क्षणी लेबर रूमबाहेर मावशी, आत्या, सासरे यांची बैठक भरायला वेळ नसतो. सही कोण करणार, घरातल्या मोठ्या बाळाला कोण बघणार, रक्तगट कुणाचा जुळतो, हे एका कागदावर लिहून त्याच फाइलमध्ये ठेवा, ऑपरेशनच्या जुन्या नोंदीच्या वर.