जंगलातली हाळी

ताडोबात जिप्सी थांबते, गाइड ओठांवर बोट ठेवतो, ‘कॉल!’ बांबूआडून चितळाचा तीक्ष्ण ‘कुक्’ येतो. शेपटी वर, कान ताठ, पुढचा खूर जमिनीवर आपटतोय. वाघ जवळ असताना ओरडून स्वतःचा ठावठिकाणा कशाला सांगायचा?

कारण वाघ दबा धरून, अगदी जवळून झडप घालणारा शिकारी. लांबचा पाठलाग त्याच्याने होत नाही. ‘चोर, चोर’ अशी हाळी उठली की घरफोड्या काढता पाय घेतो, तसा तोही बहुधा नाद सोडतो. कळप सावध होतो, हा वरचा फायदा.

चितळ तसं भित्रंच. पाचोळा वाजला तरी ओरडेल. सांबराचं तसं नाही. त्याचा घोगरा ‘ढाँक’ पुन्हा पुन्हा आला, तर कॅमेरा हातात घ्या.