मोकळ्या पायऱ्यांचा जमाखर्च

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या शहरातील तुळजाभवानी स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवावयास जागा नव्हती. 'महाराष्ट्र केसरी'च्या कुस्त्या चालू होत्या. अखेरच्या दिवशी शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांस नमवून गदा खांद्यावर घेतली, तेव्हा उठलेला जल्लोष ज्यांनी ऐकला, त्यांस धाराशिवकरांना खेळाचे वेड नाही असे म्हणण्याचे धाडस होणार नाही. परंतु जिल्हा पातळीवरील एखाद्या साध्या सामन्याच्या संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर जाऊन पाहावे. राखीव खेळाडूंच्या चपला, पाण्याची घागर, दोन-चार पालक आणि घरी जाण्याची घाई झालेला एखादा पंच, एवढाच काय तो प्रेक्षकवर्ग! गाव तेच, मैदान तेच, वेडही तेच. मग मधल्या दिवसांत हे वेड जाते कोठे?

हा प्रश्न केवळ आमच्या गावाचा असता, तर आम्ही तो आतल्या पानावर घेतला असता. २०१८ सालच्या जून महिन्यात तो अवघ्या देशापुढे उभा राहिला होता. १ जून रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईवर पाच गोल चढविले, त्यांतील तीन एकट्या सुनील छेत्री यांचे. हा पराक्रम पाहावयास किती लोक हजर होते? २,५६९! सव्वा कोटीच्या मुंबईत! दुसऱ्याच दिवशी छेत्री यांनी लोकांपुढे अक्षरशः हात जोडले. आम्हांस शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, असा त्यांच्या विनवणीचा आशय होता. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. या तीन दिवसांत मुंबईकरांची मिळकत वाढली नव्हती, लोकलची गर्दी ओसरली नव्हती, की मैदान घराजवळ सरकले नव्हते. आपण गेलो काय आणि न गेलो काय, याने कोणाचे तरी काही अडते, एवढीच एक गोष्ट त्यांस नव्याने कळली होती.

पुण्याची कथा अधिक बोलकी आहे, व आमच्या वाचकांनी ती नीट पाहावी अशी आमची इच्छा आहे. २०१४-१५ च्या हंगामात त्या शहरात अव्वल दर्जाचे तीन संघ नांदत होते. पुणे एफसी व भारत एफसी हे दोघे आय-लीगमध्ये आणि एफसी पुणे सिटी हा नव्या इंडियन सुपर लीगमध्ये. तिघांच्याही पाठीशी धनाढ्य उद्योगसमूह होते. त्यांपैकी पुणे एफसी हा २००७ साली स्थापन झालेला संघ २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला होता. भारत एफसी एका हंगामात आटोपला. पुणे एफसीही २०१५ सालीच मिटला. डीएसके शिवाजियन्स नावाचा चौथा संघ पुढे आला आणि २०१७ साली तोही गेला. २०१९ साली एफसी पुणे सिटीने गाशा गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांत तिनाचे शून्य झाले. मुंबईतही निराळे घडले नाही. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड हा जुना संघ २०१० साली बंद झाला आणि मुंबई एफसीने २०१७ मध्ये तीच वाट धरली.

या संघांस पैसा कमी पडला असे म्हणता येत नाही. कमी पडली ती माणसे. बालेवाडीचे मैदान चांगले, हिरवळ चांगली, दिवे चांगले. परंतु पेठेतल्या माणसाने दोन बसगाड्या बदलून तेथे जावे ते कोणासाठी? कोणत्या तरी कंपनीच्या संघासाठी? संघ मालकाचा आणि प्रेक्षक पाहुणा अशी ही रचना होती. पाहुणा मांडवाच्या खर्चाची काळजी करीत नाही, व मांडव काढला तर रडतही नाही. मालकाने आपले हिशोब पाहिले आणि वही मिटली.

याच महाराष्ट्रात, पुण्याहून पाच तासांच्या वाटेवर, कोल्हापूर आहे. तेथील राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा, दिलबहार आणि बालगोपाल असे सामने रंगतात, तेव्हा पायऱ्या फुलून जातात. हे संघ म्हणजे मुळात तालमी. जेथे आजोबांनी लाल मातीत अंग घुसळले, त्याच तालमीच्या नावाने नातू चेंडू मारतो. संघाची वर्गणी पेठेतल्या दुकानदाराने, रिक्षावाल्याने, सराफाने दिलेली असते. साहजिकच संघ हरला की जेवण गोड लागत नाही. याला दुसरी बाजू आहे व ती झाकण्याचे आम्हांस कारण नाही. या निष्ठेपोटी तेथे हाणामाऱ्या झाल्या आहेत, दगड भिरकावले गेले आहेत, सामने थांबवावे लागले आहेत. बाहेरचे खेळाडू आणण्याच्या चढाओढीत तालमींचे खर्चही फुगले आहेत. तथापि, रिकाम्या मैदानाचा आजार आणि भरलेल्या मैदानाचा आजार यांतून एक निवडावयाचा झाला, तर दुसऱ्यावर औषध आहे असे आम्ही म्हणू. सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत २०१७ साली भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, हेही ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षीच्या १५ सप्टेंबरला राज्यातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा सरकारी उपक्रम झाला होता व त्यासाठी शाळाशाळांतून चेंडू वाटण्यात आले होते. त्यांतील किती चेंडूंत आज हवा आहे, याची चौकशी आम्ही करीत नाही. आम्ही मास्तरकी केलेली आहे, आणि शाळेच्या कपाटात चेंडू कसा म्हातारा होतो हे आम्हांस पुरते ठाऊक आहे.

आता परवडण्याच्या गोष्टीकडे वळू. रिकाम्या पायऱ्या दिसल्या की संयोजक म्हणतात, 'प्रवेश फुकट ठेवला आहे, आणखी काय करावयाचे?' फुकट म्हणजे स्वस्त, हा समज आम्हांस मान्य नाही. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची जाहीर मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. लोहाऱ्याकडील किंवा परंड्याकडील शेतमजूर जोडप्यास आपल्या मुलीचा सामना पाहावयास जिल्ह्याच्या गावी यावयाचे झाले, तर दोघांची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे लागते, दुपारचे खाणे लागते. २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांस अर्धे भाडे झाले, यामुळे आईचे येणे थोडे सुकर झाले खरे, पण मैदानावर पोहोचल्यावर तिला सावली मिळत नाही, प्यावयास पाणी मिळत नाही आणि शौचालयास कुलूप असते. सामना अकराचा असून तीन वाजता सुरू होतो आणि परतीची शेवटची गाडी चुकते. तिकीट शून्य रुपयांचे, पण हा सामना त्या घराला दोन दिवसांच्या मजुरीहून अधिकास पडला! अशा मुलीचे आईबाप मैदानावर दिसत नाहीत, म्हणून त्यांस खेळाची कदर नाही असे म्हणणाऱ्यांची आम्हांस कीव येते.

आणि या मुली काही लहानसहान नव्हेत. सारिका काळे याच शहराच्या मातीत खो-खो खेळत वाढल्या, अर्धपोटी दिवस काढून भारताच्या कर्णधार झाल्या आणि २०२० साली अर्जुन पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरविले, तेव्हा त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्या दिवशी सारे गाव तिचे झाले. ती येथे सराव करीत होती तेव्हा पायऱ्यांवर किती जण होते? दोन खांब आणि सपाट जमीन एवढ्यावर भागणारा हा खेळ आता कृत्रिम मॅटवर गेला आहे. बूट, पोशाख, प्रवास, दिव्यांचे बिल हे सारे आले. हा भार आज पाच-दहा शिक्षक आणि कार्यकर्ते आपल्या खिशातून उचलीत आहेत. त्यांचा खिसा फाटला की मंडळ बंद, हे उघड आहे.

इंग्लंडमधील बरी नावाच्या गावचा संघ १८८५ सालचा. २०१८ च्या डिसेंबरात तो एका पौंडास विकला गेला, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये देणी भागविता येतील याची हमी न मिळाल्याने लीगने त्यास काढून टाकले. सव्वाशेहून अधिक वर्षांचा संसार एका उन्हाळ्यात उठला. परंतु गावकरी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी स्वतःचा संघ उभा केला, २०२३ मध्ये मतभेद मिटवून एकत्र आले व आपल्या जुन्याच मैदानावर जुन्या नावाने पुन्हा उतरले. खालच्या श्रेणीत का होईना, पण तो संघ आता त्यांचा आहे.

जत्रेच्या फडासाठी घराघरांतून पट्टी गोळा करणाऱ्या आमच्या गावांस ही रीत परकी नाही. नारळाच्या कुस्तीपासून अखेरच्या मोठ्या कुस्तीपर्यंतचा हिशोब देवळाच्या ओट्यावर वाचला जातो, व एक रुपया इकडचा तिकडे झाला तर म्हातारी माणसे जाब विचारतात. आमचे म्हणणे असे की, हीच पट्टी मैदानावर आणावी. प्रवेश फुकट ठेवू नये. दहा रुपये घ्यावेत, शाळकरी मुले व खेळाडूंचे आईबाप यांस मात्र माफी असावी. वर्षाची वर्गणी भरणाऱ्यास मंडळाच्या सभेत मत असावे आणि जमाखर्चाचा फलक मैदानाच्या दारावर लागावा. दहा रुपयांनी मंडळे श्रीमंत होणार नाहीत, याची आम्हांस कल्पना आहे. पण ज्याने दहा रुपये दिले तो सामना वेळेवर सुरू करा म्हणून ओरडेल, आणि शौचालयाची किल्ली कोठे आहे हेही विचारील. शहरातील सुस्थित मंडळींनी, म्हणजे हे पान वाचणाऱ्यांनी, वर्षाला पाचशे रुपये द्यावयास हरकत नसावी. आपल्यापैकी पुष्कळांचा एका रविवारचा हॉटेलचा खर्च याहून अधिक असतो.

या बाबतीत आमचे हातही स्वच्छ नाहीत. परदेशातील संघांचे गुण आम्ही रोज छापतो आणि दोन मैलांवरील मैदानात उद्या काय आहे हे सांगत नाही. वाचकाने जावे तरी कोठे? येत्या आठवड्यापासून दर शुक्रवारच्या अंकात जिल्ह्यातील सामन्यांचे वेळापत्रक व मागील आठवड्याचे निकाल आम्ही विनामूल्य देऊ. सामन्याची वेळ, मैदान आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ, या तिन्ही गोष्टी लिहून संयोजकांनी बुधवारी सायंकाळपर्यंत आमच्या कचेरीत पोहोचवाव्यात. सामना जाहीर वेळेहून अर्ध्या तासापेक्षा अधिक उशिरा सुरू झाला, तर निकालाशेजारी तेही छापले जाईल.